ग्रामसभेत, ग्रुपवर, चौकात: गोव्यात बोलण्याआधी आणि बोलून झाल्यावर

गोव्यात बोलण्यावरून होणारी भांडणं बहुतेक वेळा दोन ठिकाणी पेटतात: रविवारच्या ग्रामसभेत आणि गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर. डोंगर कापला, शेतात माती टाकली, कुठल्या तरी बारचा आवाज पहाटेपर्यंत चालला, देवस्थानाच्या हिशेबावरून महाजनांत जुंपली. कुणीतरी लिहितं, कुणाला तरी झोंबतं आणि गोष्ट 'तुझ्यावर केस घालतो' इथवर येते. त्या धमकीत दम किती, हे देणाऱ्यालाही ठाऊक नसतं आणि घेणाऱ्यालाही. मग काहीजण घाबरून पोस्ट काढून टाकतात, तर काहीजण 'संविधानानं मला हक्क दिलाय' म्हणत आणखी चार शिव्या जोडतात. संविधानात नेमकं काय लिहिलंय, ते दोघांनीही बघितलेलं नसतं.

ते बघू, आणि मग बोलण्याआधी, बोलताना, नोटीस आल्यावर काय करायचं ते क्रमाने घेऊ. अटकेची वेळ आली तर वकील गाठायलाच हवा. पण त्याच्याआधी स्वतःला करता येण्यासारखं बरंच असतं.

आधी बघा, हक्क कोणाचा

कलम १९(१)(अ) भाषण आणि अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य देतं, ते फक्त नागरिकांना. इतर राज्यांत या ओळीवर कुणी थांबत नाही, गोव्यात थांबावं लागतं. पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेली माणसं सासष्टी-बार्देशात प्रत्येकाच्या ओळखीत असतात. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वेच्छेनं घेतलं की नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे भारतीय नागरिकत्व संपतं. मग ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारं) खिशात असलं तरी कलम १९ वर दावा सांगता येत नाही. समानतेचं कलम १४, जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याचं कलम २१ आणि अटकेच्या वेळच्या संरक्षणाचं कलम २२ मात्र नागरिकत्वावर अडत नाहीत. थोडक्यात, इंग्लंडहून सुट्टीवर आलेला तुमचा भाऊ मोर्चात माइक हातात घेणार असेल तर तो तुमच्याइतका सुरक्षित नाही. ओसीआय धारकाला पत्रकारिता करायची असेल तर ४ मार्च २०२१ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार वेगळी परवानगी लागते. यूट्यूबवर गावच्या 'बातम्या' चालवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं.

ग्रामसभेपुरतं वेगळं: पंचायतीच्या मतदार यादीत नाव असलेले ते ग्रामसभेचे सदस्य. नाव नसेल तर तिथं उठून बोलण्याचा हक्क नाही, मग घर गावात असो वा नसो.

आठ कारणं, नववं नाही

कलम १९(२) वाचा; एका परिच्छेदाचं आहे. सरकार बोलण्यावर बंधन घालू शकतं ते फक्त या कारणांसाठी: भारताची सार्वभौमता आणि एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परकीय राष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता वा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी आणि गुन्ह्याला चिथावणी. बंधन कायद्यानं घातलेलं हवं आणि ते वाजवी हवं. यातली सार्वजनिक सुव्यवस्था, परकीय संबंध आणि चिथावणी ही तीन कारणं मूळ घटनेत नव्हती. ती १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीनं आली आणि 'वाजवी' ही अटही त्याच दुरुस्तीनं आली. सार्वभौमता आणि एकात्मता १९६३ मध्ये जोडली गेली.

या यादीत काय नाही, तेही बघा. 'भावना दुखावल्या' नाही. 'गावाचं नाव खराब झालं' नाही. 'पर्यटनावर परिणाम होईल' नाही, आणि 'सरकारची अडचण झाली' तर अजिबात नाही. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं कौशल किशोर प्रकरणात स्पष्ट सांगितलं की १९(२) मधली यादी पूर्ण आहे, तिच्यात बाहेरून नवी कारणं घालता येत नाहीत. त्यामुळे कुणी तुमच्यावर आक्षेप घेतला की पहिला प्रश्न हाच विचारायचा: माझं वाक्य या आठांपैकी कुठल्या खणात बसतं? उत्तर मिळत नसेल तर आक्षेप घेणारा चिडलेला आहे इतकंच. चिडण्याचा त्याला हक्क आहे. तुमचं तोंड बंद करण्याचा नाही.

हा हक्क आपल्याकडे उशिरा आला. देशात १९५० पासून संविधान लागू असताना गोव्यातली वर्तमानपत्रं पोर्तुगीज सेन्सॉरच्या हाताखालून जात होती, ती थेट १९ डिसेंबर १९६१ पर्यंत. १८ जून १९४६ ला मडगावात डॉ. राममनोहर लोहिया उभे राहिले, त्या सभेचा विषयच नागरी स्वातंत्र्य हा होता: बोलण्याचं, छापण्याचं, जमण्याचं. क्रांतिदिनाला हार घालून झाला की हे आठवायला हरकत नाही.

मराठी वाचकांनी आणखी एक निकाल माहीत करून घ्यावा. वर्तमानपत्रानं किती पानं छापायची आणि किती किंमत ठेवायची, हे सरकारनं ठरवण्याचा कायदा १९५६ मध्ये आला. पुण्याच्या 'सकाळ'नं त्याला आव्हान दिलं आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला. वाचकापर्यंत पोहोचण्याचा हक्क बोलण्याच्या हक्कातच येतो, हे त्या खटल्यानं पक्कं झालं.

पोस्ट टाकण्याआधी

समजा, वाड्यामागची टेकडी जेसीबी लावून कापली जातेय. रागाच्या भरात बहुतेक जण असं लिहितात:

'सरपंच आणि बिल्डर मिळून गाव विकून खाताहेत. सगळे चोर. पैसे घेतल्याशिवाय पंचायतीत सही होत नाही.'

हीच तक्रार अशीही लिहिता येते:

'आमच्या वाड्यामागच्या टेकडीवर १२ तारखेपासून जेसीबी चालू आहे. फोटो खाली दिले आहेत. नगरनियोजन कायद्याच्या कलम १७अ प्रमाणे टेकडी कापायला लेखी परवानगी लागते. ती घेतली आहे का, हे मी माहिती अधिकारात विचारलं आहे. मागच्या ग्रामसभेत सरपंच "बघतो" म्हणाले होते. पुढे काय केलं ते त्यांनी सांगावं. माझ्या मते पंचायतीनं इथं डोळेझाक केली आहे.'

दुसरा मजकूर मऊ आहे असं वाटत असेल तर पुन्हा वाचा. सरपंचाला तोच जास्त बोचेल, कारण त्याला उत्तर द्यावं लागेल. पहिल्यात लाच घेतल्याचा, म्हणजे गुन्ह्याचा आरोप आहे आणि हातात कागद एकही नाही. दुसऱ्यात जे डोळ्यांनी दिसलं ते तारखेसह आहे, कायद्याचं कलम आहे, प्रश्न आहे आणि शेवटी 'माझ्या मते' म्हणून मत आहे. वस्तुस्थिती आणि मत अशी वेगळी ठेवली की बदनामीच्या खटल्यात बचाव अर्धा तयार असतो. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. तो आधी करा, पोस्ट मागाहून टाका. मूळ फोटो फोनमध्येच राहू द्या. व्हॉट्सअॅपवरून फिरून आलेल्या फोटोत वेळ-ठिकाणाचा तपशील राहत नाही. पुढे कोर्टात फोटो पुरावा म्हणून द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, तेव्हा ज्या फोननं काढला तो फोन विकून टाकू नका.

जेसीबी चालवणाऱ्या मजुराचा चेहरा, कुणाच्या घरातली बाई, मुलं फोटोत येत असतील तर ती कापून टाका. भांडण त्यांच्याशी नाही.

बदनामी: सगळ्यात जास्त वापरलं जाणारं हत्यार

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. जुनं ४९९-५०० आता कलम ३५६ झालं. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही, किंवा समाजसेवा. फौजदारी बदनामी असावीच कशाला, असा सवाल करून लोक सर्वोच्च न्यायालयात गेले होते. २०१६ मध्ये न्यायालयानं ती घटनेला धरून आहे असं ठरवलं. मला तो निकाल पटत नाही. पण आज कायदा तोच आहे.

या कलमाला दहा अपवाद आहेत आणि ते पाठ करण्यासारखे आहेत. पहिला: गोष्ट खरी असेल आणि ती सांगण्यात लोकहित असेल तर बदनामी होत नाही. इथं बरेच जण फसतात, कारण फौजदारी खटल्यात नुसतं 'खरं आहे' पुरत नाही, लोकहितही दाखवावं लागतं. (नुकसानभरपाईच्या दिवाणी दाव्यात मात्र सत्य हाच पूर्ण बचाव आहे.) दुसरा आणि तिसरा अपवाद लोकसेवकाच्या सार्वजनिक वागणुकीवर आणि सार्वजनिक प्रश्नावरच्या वागणुकीवर सद्भावनेनं दिलेल्या मताचा. वरच्या पोस्टमधलं 'डोळेझाक' तिथं बसतं. आठवा अपवाद योग्य अधिकाऱ्याकडे सद्भावनेनं केलेल्या तक्रारीचा. म्हणून लाचेचा संशय असेल तर तो दक्षता खात्याकडे लेखी द्या, ग्रुपवर नको. तेच वाक्य तिथं संरक्षित असतं, इथं नसतं.

'मी नाव कुठं घेतलंय?' हा बचाव चालत नाही. 'चॅपलकडच्या लाल बंगल्याचा मालक' म्हटल्यावर अख्ख्या गावाला कळत असेल तर ते नाव घेतल्यासारखंच आहे. उपरोधही बदनामीत येऊ शकतो, तसं कलमातच लिहिलंय.

आता धमकीचा हिशेब. 'पोलिसात देतो' म्हणणाऱ्याला सांगा, बदनामी हा अदखलपात्र आणि जामीनपात्र गुन्हा आहे. पोलीस त्यावर स्वतःहून एफआयआर नोंदवून अटक करू शकत नाहीत. ज्याची बदनामी झाली त्यानं स्वतः न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तक्रार करावी लागते, आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या) कलम २२३ प्रमाणे दखल घेण्याआधी आरोपीला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. जुन्या कायद्यात ती नव्हती. फौजदारी तक्रारीची मुदत तीन वर्षं, दिवाणी दाव्याची एक वर्ष.

वकिलाची नोटीस आली, त्यात दोन कोटी मागितलेत, पंधरा दिवसांत माफी मागा म्हटलंय. घाम फुटतो, ठीक आहे. पण नोटीस म्हणजे समन्स नव्हे. ती एका पक्षाचं पत्र आहे. उत्तर मात्र द्या, वकिलाकडून आणि मोजकं. तुमचं विधान कुठल्या कागदावर उभं आहे ते सांगा. एखादा तपशील खरोखर चुकला असेल तर तेवढा दुरुस्त करा आणि दुरुस्ती जिथं पोस्ट होती तिथंच टाका. आणि नोटीस पंचायतीच्या किंवा एखाद्या खात्याच्या नावानं असेल, तर १९९४ चा राजगोपाल निकाल वकिलाला आठवण करून द्या. सरकार आणि स्थानिक स्वराज्य संस्थांना स्वतःच्या बदनामीसाठी नुकसानभरपाईचा दावा करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं त्यात म्हटलंय. अधिकाऱ्यालाही कर्तव्याबाबतच्या टीकेवर दावा जिंकायचा तर विधान खोटं होतं आणि बेपर्वाईनं केलं होतं, हे दाखवावं लागतं.

देव, सायब आणि महाराज

गोव्यात सगळ्यात लवकर पेट घेणारा भाग हा. २०२३ मध्ये एका पाद्रींच्या शिवाजी महाराजांविषयीच्या विधानावरून वास्कोत गुन्हा नोंदला गेला. ऑक्टोबर २०२४ मध्ये, जुन्या गोव्यातल्या शवप्रदर्शनाच्या तोंडावर, सेंट फ्रान्सिस झेवियर, म्हणजे गोंयचो सायब, यांच्या अवशेषांची डीएनए चाचणी करा अशी मागणी एका नेत्यानं केली. त्यावर गुन्हा नोंदला गेला आणि मडगावात लोक रस्त्यावर उतरले. दोन्ही वेळच्या प्रतिक्रिया आठवून बघा. पहिल्या वेळी 'अटक करा' म्हणणारे दुसऱ्या वेळी अभिव्यक्तीचे कैवारी झाले, आणि उलटही झालं.

लागणारी कलमं साधारण दोन. न्याय संहितेचं २९९ (जुनं २९५अ): एखाद्या वर्गाच्या धर्माचा वा श्रद्धेचा, भावना भडकवण्याच्या बुद्धिपुरस्सर आणि दुष्ट हेतूनं केलेला अपमान. आणि १९६ (जुनं १५३अ): धर्म, वंश, भाषा अशा कारणांवरून गटागटांत वैर पेरणं. दोन्हींत तीन वर्षांपर्यंत शिक्षा. १९६ चा गुन्हा प्रार्थनास्थळात घडला तर पाच. भावना हे कारण १९(२) मध्ये नसतानाही २९९ टिकलं, ते 'सार्वजनिक सुव्यवस्था' या खणात. १९५७ च्या रामजीलाल मोदी निकालानं ते तिथं बसवलं आणि त्याच वेळी अटही घातली: हेतू बुद्धिपुरस्सर आणि दुष्ट हवा. सहज, अजाणता किंवा अभ्यासाच्या ओघात केलेलं विधान त्यात येत नाही. शिवाय २९९ आणि १९६ खाली न्यायालयाला दखल घेण्यापूर्वी सरकारची मंजुरी लागते. एफआयआर झाला म्हणजे खटला उभा राहिलाच असं नाही.

मोजमाप कुणाच्या नजरेनं, हेही ठरलेलं आहे. मार्च २०२४ मध्ये कोल्हापुरातल्या एका प्राध्यापकावरचा गुन्हा सर्वोच्च न्यायालयानं रद्द केला. त्यांनी ५ ऑगस्टला जम्मू-काश्मीरसाठी काळा दिवस म्हणणारं व्हॉट्सअॅप स्टेटस ठेवलं होतं. विचारी, खंबीर माणसाला काय वाटेल ते बघायचं. प्रत्येक गोष्टीत धोका दिसणाऱ्याला काय वाटेल ते नाही, असं न्यायालयानं सांगितलं. मार्च २०२५ मध्ये खासदार इम्रान प्रतापगढी यांच्या एका कवितेवरचा गुन्हा रद्द करताना न्यायालय आणखी पुढे गेलं: तीन ते सात वर्षांच्या आतली शिक्षा असलेल्या अशा प्रकरणात पोलिसांनी नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३(३) प्रमाणे आधी प्राथमिक चौकशी करणं योग्य. ही चौकशी उपअधीक्षकांच्या परवानगीनं, चौदा दिवसांत.

उलट बाजूचाही एक निकाल आहे. गांधीजींवरच्या एका मराठी कवितेच्या खटल्यात २०१५ साली सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की ऐतिहासिक थोर व्यक्तींच्या तोंडी अश्लील भाषा घालायला काव्यस्वातंत्र्याची ढाल पुरेशी नाही. तेव्हा महाराजांवर, सायबावर, गांधींवर लिहिताना इतिहासाची चिकित्सा करा, बिनधास्त करा. शिवराळपणा मात्र तुम्हाला दुसऱ्याच खणात नेऊन सोडतो.

माझं मत विचाराल तर धर्मावर लिहिताना एकच कसोटी पुरते: मी मताला उत्तर देतोय की 'त्या लोकांना' झोडतोय? ज्या क्षणी वाक्याचा कर्ता 'हे लोक' होतो, त्या क्षणी १९६ दारात येतं.

ग्रुप आणि फॉरवर्ड

२०१४ च्या लोकसभा निवडणुकीच्या सुमारास गोव्यातल्याच एका तरुणावर फेसबुकवरच्या मजकुरासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ आणि इतर कलमं लागली होती. २४ मार्च २०१५ ला श्रेया सिंघल निकालानं ६६अ रद्द झालं. चर्चा चालेल, मताचा पुरस्कार चालेल, चिथावणी नाही, ही तीन पायऱ्यांची मांडणी त्याच निकालातली. आजही कुणी ६६अ ची भीती घातली तर ते कलम मेलेलं आहे.

ग्रुपचा अॅडमिन असल्याची भीती बाळगू नका. मार्च २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं सांगितलं की सदस्यानं टाकलेल्या मजकुरासाठी अॅडमिन आपोआप गुन्हेगार होत नाही. आधीपासून संगनमत असायला हवं. पर्वरीचं आपलं खंडपीठही त्याच उच्च न्यायालयाचं, म्हणून हा निकाल थेट उपयोगी.

फॉरवर्ड करणाऱ्याला मात्र अशी सवलत नाही. 'आलं तसं पाठवलं' लिहिलं तरी पाठवणारे तुम्हीच. २०२३ मध्ये तमिळनाडूतल्या एका अभिनेता-नेत्याला दुसऱ्याची पोस्ट फॉरवर्ड केल्याबद्दल दिलासा मिळाला नाही. मद्रास उच्च न्यायालयानं नाकारला, सर्वोच्च न्यायालयानंही.

चौकात जमायचं असेल तर

कलम १९(१)(ब) शांततेनं आणि विनाशस्त्र जमण्याचा हक्क देतं. पणजीचं आझाद मैदान असो, मडगावचं लोहिया मैदान असो किंवा पंचायतीसमोरची जागा, आधी जागा ज्याच्या ताब्यात आहे त्याला आणि पोलीस निरीक्षकाला लेखी कळवा: तारीख, वेळ, अंदाजे संख्या, संयोजकाचा फोन. अर्ज मराठीत द्यायला हरकत नाही. १९८७ च्या राजभाषा कायद्यात मराठीच्या शासकीय वापराची तरतूद आहे, आणि गाऱ्हाणं राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा हक्क संविधानाच्या कलम ३५० नं दिलाय. प्रतीवर 'मिळाले'चा शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. परवानगी नाकारली तर कारण लेखी मागा.

जमावबंदी आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली येते (जुनं १४४). विधानसभा अधिवेशनाच्या काळात पर्वरी परिसरात असा आदेश निघतो, हे आंदोलकांना पाठ आहे. तो आदेश बघायला मागा. त्यात कारणं हवीत, क्षेत्र हवं, मुदत हवी. मुदत दोन महिन्यांपेक्षा जास्त नाही. त्यापुढे वाढवण्याचा अधिकार राज्य सरकारचा, तोही कमाल सहा महिने. असे आदेश प्रसिद्ध करावेत आणि नुसता असंतोष दडपण्यासाठी वापरू नयेत, हे २०२० च्या अनुराधा भसीन निकालात आहे. आदेश चुकीचा वाटला तर तो मागे घेण्यासाठी त्याच अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. मोडला तर न्याय संहितेचं २२३ लागतं, पण त्यात न्यायालय दखल घेतं ते संबंधित अधिकाऱ्याच्या लेखी तक्रारीवरच.

रस्ता अडवणं हा हक्काचा भाग नाही. सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवून बसता येत नाही, हे ऑक्टोबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय. लाऊडस्पीकरला परवानगी लागतेच, आणि रात्री दहा ते सकाळी सहा तो बंद. दुसऱ्याला जबरदस्तीनं ऐकवण्याचा हक्क कुणाला नाही, मग ती सभा असो, भजन असो, लदीन (ख्रिस्ती प्रार्थना) असो की हणजुण्याची पार्टी. भिंती रंगवू नका. मालमत्ता विद्रूपीकरणाविरुद्ध गोव्यात वेगळा कायदा आहे. निवडणुकीच्या काळात पत्रक काढलं तर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता छापावाच लागतो.

सरकारी नोकरांसाठी एक परिच्छेद, कारण गोव्यात ते घरोघरी आहेत. केंद्रीय नागरी सेवा वर्तणूक नियम, १९६४ तुम्हालाही लागू आहेत आणि त्यातला नियम ९ सरकारी धोरणावरच्या जाहीर टीकेला मनाई करतो. निदर्शनांवर सरसकट बंदी मात्र चालत नाही. कामेश्वर प्रसाद प्रकरणात १९६२ सालीच ते ठरलं. गावच्या गटाराबद्दल रहिवासी म्हणून बोला, स्वतःच्या खात्याच्या निर्णयावर फेसबुकवर बोलू नका.

पोलिसांचा फोन आला

'जरा स्टेशनवर येऊन जा' असा फोन येतो. उर्मटपणा नको, घाईही नको. कोणत्या प्रकरणात, साक्षीदार म्हणून की आरोपी म्हणून, हे विचारा आणि लेखी नोटीस मागा. आरोपीला हजर राहण्याची नोटीस नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) खाली येते. ती व्हॉट्सअॅपवर पाठवून भागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२५ मध्ये बजावलंय. ती आली तर मात्र जायचंच, कारण टाळाटाळ हेच अटकेचं कारण होऊ शकतं. साक्षीदार म्हणून जबाब हवा असेल तर महिलेला आणि साठीपुढच्या व्यक्तीला स्टेशनवर बोलावता येत नाही, पोलिसांनी घरी यायचं.

वर सांगितलेल्या बहुतेक कलमांत शिक्षा सात वर्षांच्या आत आहे, म्हणून अटक आपोआप होत नाही; ती का गरजेची, हे पोलिसांनी नोंदवावं लागतं. तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेचा गुन्हा असेल आणि व्यक्ती साठीपुढची वा आजारी असेल तर उपअधीक्षकांच्या परवानगीशिवाय अटक नाही. अटक झालीच तर कारणं लेखी आणि तुम्हाला समजणाऱ्या भाषेत मागा. नोव्हेंबर २०२५ च्या निकालानं ते बंधनकारक केलंय. चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावं लागतं.

फोन जप्त करत असतील तर पंचनाम्याची प्रत घ्या. जप्तीचं ध्वनिचित्रमुद्रण आता त्याच संहितेच्या कलम १०५ प्रमाणे सक्तीचं आहे. पोस्ट घाईघाईनं पुसू नका: पुरावा नष्ट केल्याचा आणखी एक आरोप अंगावर येतो, आणि तुमच्या बाजूचा संदर्भ, वरखालच्या कॉमेंट, तारीख, सगळं जातं. आधी पूर्ण पानाचे स्क्रीनशॉट घ्या, लिंक लिहून ठेवा, मग वकिलाशी बोलून ठरवा.

अटकपूर्व जामीन त्याच संहितेच्या कलम ४८२ खाली, सत्र न्यायालयात किंवा उच्च न्यायालयात. गुन्हा मुळातच बनत नसेल तर तो रद्द करण्यासाठी संहितेचं कलम ५२८ आणि संविधानाचं कलम २२६ घेऊन पर्वरीला उच्च न्यायालयात जावं लागतं. तिथं युक्तिवादाचा कणा तोच, आठ खणांचा: हे वाक्य, हा संदर्भ, हा हेतू, आणि यातून सुव्यवस्थेला धोका कुठं? म्हणून तुमच्या वाक्याच्या आधीचं आणि नंतरचं सगळं वकिलाला द्या, फक्त वादग्रस्त ओळ नको.

पोलिसांनीच दमदाटी केली तर पणजीत राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे, मानवाधिकार आयोग आहे. वकिलाचे पैसे नसतील तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिला, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि कोठडीत असलेली व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००.